नावात बदल करून मिळेल

पत्र इंग्रजीत होतं, चार पानी.
बिऱ्हाडे वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं
आणि म्हणाले, 'लोटन, तुझी बुटकी माणसं गेली.'
गेली म्हणजे?
म्हणजे त्यांच्या नावाचा उतारा
समुद्रापलीकडे एका कंपनीकडे आहे.
झाडासारखी चालणारी, तीही गेली.
लांब कानांची राहतील.
त्यांच्या जुन्या मालकांनी नोंद केली नव्हती.

चोपड्यात बसस्टँडच्या मागं माझा छापखाना.
लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, केळीवाल्यांची पावतीपुस्तकं.
उरलेल्या कार्डशीटच्या कापांवर मी एक खेळ छापला:
वीस बाजूंचा फासा, सातपुड्यासारखा डोंगर,
तापीसारखी नदी, फक्त पाणी जास्त,
आणि डोंगरात सहा प्रकारचे लोक.
दोनशे प्रती. एकशे एक्काहत्तर अजून टेबलाखाली.

जन्मभर दुसऱ्यांची नावं छापली.
चि. च्या जागी सौ. कां. गेलं तर
रात्री अकराला मुलीचा मामा शटर वाजवतो.
नावाची चूक काय असते, मला शिकवू नका.

शनिवारी शटर अर्धं ओढून बसलो:
मी, वकील, गॅरेजवाला मुराद तडवी,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची जिनी पावरा.
मध्ये शेव, कांदा, फासा.

बुटक्यांचं लगेच सुचलं.
माझ्या आज्याचं नाव उखर्डू.
आधीची तीन गेली होती, म्हणून याला
जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचलला,
म्हणजे वरच्याच्या वहीत नोंद व्हावी:
टाकून दिलेलं, मालक नाही.
आजा ब्याण्णव वर्षं जगला.
'बुटके ते उखर्डे,' मी म्हणालो, 'बघू कोण हक्क सांगतं.'
असं कलम कायद्यात हवं होतं, वकील म्हणाले.

झाडांपाशी अडलं.
जिनीनं सहज एक नाव सांगितलं,
वैजापूरच्या वर, तिचे बाबा पानं तोडण्याआधी
ज्यांना हाक मारतात त्यांचं.
दोन अक्षरी. मोहाच्या फुलासारखं तोंडात फुटणारं.
मी ते तिथंच टाइप केलं, ठळक केलं,
भोवती वेलबुट्टीची चौकट,
खाली सवयीनं: सर्व हक्क राखीव.

जिनी स्क्रीनकडे बघत राहिली.
'काका, ते काढा.
दिवा लागल्यावर बाबा ते घरातसुद्धा घेत नाहीत.
मी बोलले ते चुकलंच.'
तिनं कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
मुराद फासा मुठीत धरून बसला.
बॅकस्पेस दाबली. आधी काना गेला,
मग अक्षर, मग दुसरं.
म्हणून ते इथंही नाही.

उरला रकाना.
कार्डाच्या डोक्यावर मी पहिल्या आवृत्तीत छापलं होतं: जात.
वाटलं, खेळच तर आहे.
त्या दिवशी वकिलांनी तिथं पेन टेकवलं
आणि न लिहिता टोपण लावलं.
तेव्हापासून ती जागा कोरी सोडून खेळतात.
कंपनीला चार पानं लागली,
त्यांना एक टोपण.

वंश लिहू? मुराद म्हणाला, रक्तगट विचारल्यासारखं वाटतं.
कूळ म्हटलं तर कूळकायदा.
गोत म्हटलं की पाठोपाठ भटजी.

साडेअकराला वॉचमन धुडकूआप्पा शटरखाली वाकले.
नवं तोंड बघून जिनीला विचारलं,
'तू कोनी पोर शे व माय?'
जिनी म्हणाली, 'थांबा आप्पा, फासा पडू द्या.'

दुसरी आवृत्ती सोमवारी लावली.
रकान्यात: तू कोना? तू कोनी?
पुढं टिंबं, पान संपेपर्यंत.
झाडांच्या कार्डावर नुसतं चित्र, वर मोकळी जागा.
ही छपाईची चूक का, कॉलेजच्या एका पोरानं विचारलं.
नाही, म्हणालो. पाच रुपये सुट्टे दे.